न फाकणारा झोत

३ मार्च, स. १०
आजपासून रोज लिहिणार. थोडं, पण रोज.
काम असं: नखाएवढी काचेची चकती, तिच्यावर केसाहून बारीक लाखो खांब. तिच्यातून लेझर गेला की झोत भोवऱ्यासारखा पिळत निघावा, मध्ये काळोख, भोवती रिंग. आणि खोलीच्या त्या टोकापर्यंत फाकू नये. सहा वर्षं तो फाकतोच आहे.
वीसला समिती. झोत दाखवला तर पीएचडीला सहा महिने मुदतवाढ, नाही तर घरी. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, ही शेवटची संधी. तिसऱ्यांदा म्हणाल्या.

९ मार्च
मधे लिहिणं जमलं नाही. टेबल आवरत होतो.

१० मार्च
धाकटी (ज्युनिअर, दुसरं वर्ष) कॅमेरा वापरून गेली. तिनेही चकती बनवलीय. म्हणाली, दादा, जमेलसं वाटतंय. मी म्हटलं, घाई नको. याला सहा वर्षं लागतात.

११ मार्च, दु. २
जमलं! कॅमेऱ्याचा स्क्रीन लावला आणि समोर रिंग! गोल, ठसठशीत, मध्ये काळंकुट्ट. चकती नीट बसवायच्या आधीच आली. हात बसला की असं होतं.

१२ मार्च
कॅमेरा एक मीटर मागे नेला. रिंग तेवढीच. चार मीटर. तेवढीच. आणखी नेला असता, वायर पुरली नाही.

१४ मार्च
असा झोत अडथळ्यापुढे जाऊन सावरतो, असं पुस्तकात आहे. टाचणी धरली. रिंग ढिम्म. अंगठा धरला. ढिम्म. शेवटी माझा प्रबंध आडवा धरला, दोनशे दहा पानं. ढिम्म. पुस्तकं सुधारावी लागणार.
बायकोला फोन केला. म्हणाली, तुझ्या प्रबंधातून काहीतरी पार गेलं म्हणायचं. तिला फिजिक्स कळत नाही.

१७ मार्च
धाकटीने कॅमेरा मागितला. समितीनंतर बघू म्हटलं. रिंग दाखवली नाही. उगाच खचायची बिचारी.

१९ मार्च
शर्टाला इस्त्री. उद्या नम्र राहायचं. 'मी' नाही, 'आम्ही' म्हणायचं.

२० मार्च, दु. १२
प्रबंध आडवा धरला. रिंग ढिम्म. एका वयस्कर सदस्यांनी डोळ्यांच्या काळजीने लेझर बंद करायला सांगितला. केला. रिंग होती तिथेच. दोन सेकंद मला वाटलं, हा शोध तर त्याहून मोठा.
मॅडम उठल्या, एक बटण दाबलं. स्क्रीन काळा. दहा तारखेला धाकटीने कॅमेऱ्याचं चित्र थांबवून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. दहा दिवस मी तिच्या रिंगचा फोटो मोजत होतो.

२० मार्च, सं. ५
तिची चकती बसवली. रिंग आली. टाचणीपुढे मोडली, पुन्हा जुळली. प्रबंध धरल्यावर गेली.
मला सहा महिने मिळाले. तिनेच मागितले. समितीने विचारलं, एवढ्यात यांचं होईल? ती म्हणाली, मी शिकवते ना दादांना. उद्या नऊला ये म्हणालीय.
मी बरं म्हटलं.