शनिवारच्या डावातली चौथी

मी, यिप म्यूलान, वय ६३, कै. थोंग कामपुई यांची पत्नी, राहणार शाम शुई पो, हाँगकाँग, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. छाती अधू झाली आहे, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने शनिवारी माझ्यासमोर माहजाँग खेळायला बसावं आणि खात्री करून घ्यावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझं राहतं घर माझी सवत सिटू योकहा यांना पूर्ण मालकी हक्काने मिळावं.

इथे वकीलसाहेबांनी लेखणी थांबवली. "सवतीला? नीट विचार केलाय ना?" म्हणून कारण सांगते.

माझं लग्न भावाने जमवलं. थोंग सुक्या मासळीचे मोठे व्यापारी. त्यांना आधीची बायको आणि दोन मुलगे आहेत, हे मला लग्नानंतर कळलं. तेव्हा दुसरेपणाला कायद्याची आडकाठी नव्हती. हे घर त्यांनी माझ्या नावावर करून दिलं आणि मला इथे ठेवलं. दिवसभर भिंतींशी काय बोलणार? मी शनिवारी संध्याकाळी मैत्रिणींना बोलावून डाव मांडू लागले.

अशाच एका शनिवारी शेजारची फान आफोंग आणि शिवणकाम करणारी क्वोक साईइंग येऊन बसल्या होत्या. माहजाँगला चौघी लागतात, चौथीची वाट पाहत होतो. बेल वाजली. दारात ताई, म्हणजे थोंगांची थोरली. हातात मिटलेली छत्री, पण धरली होती काठीसारखी.

"माझा नवरा कुठाय?"

"मकावला गेलेत. दुकानाच्या कामाला."

"मला सांगून गेलाय, तुझ्याकडे येतोय म्हणून."

दोघींना दोन थापा. आतून आफोंग ओरडली, "अगं, चौथी आली ना? मग दारात ओवाळत काय बसलीस? आण की आत!"

ताई आत आल्या. टेबलावर चारही बाजूंना सोंगट्यांच्या भिंती रचून तयार होत्या. मला वाटलं, आता ही बाई छत्रीने सगळं उधळणार. त्यांनी माझ्या बाजूची भिंत पाहिली.

"ही कोणी रचली? वाकडी आहे."

ती सरळ केली आणि बसल्या. पहिला डाव त्यांनीच मारला. जाताना म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी चहा जरा कडक कर. हे काय, भांडी विसळल्याचं पाणी!"

माफी कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही. थोंग त्या दिवशी कुठे होते, ते आम्हां दोघींना आजतागायत ठाऊक नाही. पुढे एकदा ते अवचित आले, दोन्ही बायका समोरासमोर खेळताना पाहिल्या आणि टोपीही न काढता जिना उतरले. "दार लावून घे गं," ताई म्हणाल्या, "वारं येतंय."

थोंग गेल्यावर ताईंच्या मुलांनी आईच्या डोक्यावरचं छप्पर विकलं आणि कॅनडा गाठलं. एका मंगळवारी बेल वाजली. शनिवार नव्हता. ताई वळकटी घेऊन उभ्या होत्या. "मागची खोली रिकामीच असते ना तुझी?"

मी वळकटी आत घेतली. आता त्या ७४ वर्षांच्या आहेत. माझ्यामागे त्यांना पुन्हा कोणी बाहेर काढू नये, एवढ्यासाठी हा कागद.

२. माझा भाऊ यिप वाईचोंग याला काही नाही. माझ्या लग्नात त्याने थोंगांकडून दुकान उभं करून घेतलं. त्याचा वाटा त्याला तेव्हाच पोचला. हे घर आपल्या मुलासाठी मागायला तो दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी ताईंनी कडीच काढली नाही.

३. शिवणयंत्र साईइंगला. निळ्या नक्षीच्या वाट्या आफोंगला. त्यातली एक फुटकी आहे, ती तिनेच फोडली आहे. टेबल आणि सोंगट्या घरातच राहतील. माझ्या खुर्चीकडे बघून कोणी गळे काढू नयेत. चौथी म्हणून कोपऱ्यावरच्या फुलवालीला बोलवावं. ती हरली की रुसते, पण हात चांगला आहे.

४. थोंगांच्या थडग्याशेजारची जागा रीतीप्रमाणे थोरलीची. माझी राख मंदिरातल्या कोनाड्यात ठेवावी. कोनाड्याच्या दगडावर नुसतं माझं नाव कोरावं, 'दुसरी पत्नी' असं कोरू नये.

हे कलम मी ताईंना वाचून दाखवलं. त्या शेंगा मोडत होत्या.

"म्हणजे तिकडे त्याच्याजवळ मी एकटीच?"

"रीत आहे, ताई."

"जन्मभर हा माणूस घरी टिकला नाही. आणि आता कायमची सोबत मी करायची?" त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "दोन कोनाडे घे. लागून."

सबब दोन कोनाडे घेतले आहेत, एकमेकींना लागून. थोंगांच्या शेजारची जागा रिकामी राहील.

सही: यिप म्यूलान
शाम शुई पो, हाँगकाँग. २१ ऑक्टोबर १९९४

वरील बाईंनी आम्हां दोघांदेखत, पूर्ण शुद्धीत सही केली. घर मिळणाऱ्या बाई नियमाप्रमाणे खोलीबाहेर होत्या. "झाली का सही? भात निवतोय," असं त्यांनी दाराआडून तीनदा विचारलं. त्याला आमचा इलाज नव्हता.

साक्षीदार: हो सिऊवा, वकिलांचे कारकून
साक्षीदार: लाम पाकयू, शिक्षक, वरचा मजला