खारघर बंद, कळंबोली चालू

बाबा, तुमच्यावर चिडायचं काही कारण नाही, पण ऐकून घ्यायला दुसरं कोणी उरलेलं नाही. तुम्ही गेल्यावर खूप वर्षांनी एक साथ आली, सगळा देश घरात कोंडला गेला, आणि त्याच साथीत कळंबोलीला दादाकडे राहणारी आई गेली. मी खारघरला. आमच्या सोसायटीचं फाटक बंद, सगळे घरून काम करत होते. दादा मात्र ट्रकच्या तळावर माल भरून घेत होता. काल आईच्या श्राद्धाला मी त्याच्या तोंडावर म्हटलं, "कळंबोली आमच्यासारखी बंद राहिली असती तर आई आज असती." त्याने हातातलं ताट खाली ठेवलं. "तुमी दारं लावून बसलाव, तवा तुमाला तांदूल कोन आनून देत होता? आमच्याच गाड्या." आणि उठून बाहेर गेला.

तेव्हापासून मी दोन्हीकडचे साथीचे आकडे शोधतेय आणि डोकं फिरायची वेळ आलीय. खारघरात शिंक आली तरी लोक तपासणीला धावत. कळंबोलीत तपासणीला गेलं की मजुरी बुडायची, म्हणून कोणी जातच नसे. आपल्या गावी, नेऱ्यात तर कागदोपत्री साथ फिरकलीच नाही, कारण तपासायलाच कोणी फिरकलं नाही. कशाशी काय ताडून बघायचं? नुसता वैताग!

आणि मधेच तुमचं ते खत आठवतं. तुम्ही वरच्या खाचरात नवं खत टाकताय, खालच्यात मुद्दाम नाही, कुठलं भात जोर धरतं ते बघायला. पाऊस लागतो आणि नेहमीच्या सवयीने तुम्ही बांध फोडून वरचं पाणी खाली सोडता. दोन्ही खाचरं सारखीच हिरवीगार. तुम्ही जाहीर करता, "या खतात काय दम नाय." चुलीपुढे भाकरी थापणारी आई हसत सुटते. "आवो, बांध तुमीच फोडलाव ना? खत पान्याबरोबर खाली गेला नाय का?" तुम्ही इतके चिडलात की त्या खताला पुन्हा हात लावला नाहीत.

खारघर-कळंबोलीमधला बांधही तसाच फोडलेला होता, बाबा. दादाच्या गाड्या चालू होत्या म्हणून आमची दारं बंद राहू शकली. हे मला कळतं, तरी आज सकाळी पुन्हा आकडे काढून बसले. हे सगळं ज्याला सांगायला हवं तो कळंबोलीला आहे, आणि त्याला मी अजून फोन केलेला नाही.

खरं सांगू? लॉकडाउनचं मला काही पडलेलं नाही. दादा चुकला असं म्हणणारा एखादा आकडा हवाय. तो मिळाला नाही तर चिडायला कोणीच राहणार नाही. मग आई नाही, एवढंच उरेल.