चाळीस जीबीची शाल

आत्या, शालीबद्दल मी स्मरणिकेत जे लिहिलं ते चूक आहे. मी लिहिलं होतं की एकसष्टीच्या सत्कारात अंगावर घातलेली शाल तू तिथेच व्यासपीठावर काढलीस आणि शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या बाईंना दिलीस, कारण तुझ्याइतकीच वर्षं त्याच शाळेत काढूनही त्यांचा सत्कार कधी कुणाला सुचला नव्हता. दिलीस हे खरं, पण धरायला दिलीस. भाषण करताना ती खांद्यावरून घसरत होती म्हणून. भाषण संपल्यावर परत घेतलीस. मी तेव्हा बारा वर्षांची होते. तुझं भाषण सुरू झाल्यावर पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि बटाटेवड्यांच्या वासात तिथेच रमले. त्यामुळे देणं पाहिलं, घेणं पाहिलं नाही. एवढ्या भांडवलावर मी दोन पानांचा लेख लिहिला, आणि माजी विद्यार्थिनींच्या मंडळानं तो तुझ्या फोटोशेजारी छापला.

खरं काय ते कळलं लॅपटॉप भरला म्हणून. मी घरून पाठ्यपुस्तकांची पानं लावायचं काम करते. मागच्या आठवड्यात सहावीचा भूगोल सेव्ह होईना, जागा नाही म्हणे. आत पाहिलं तर सगळ्या घराची अडगळ माझ्याकडे, कारण ‘ती नीट ठेवते’. बाबांनी स्कॅन केलेली वीजबिलं, प्रत्येक तीन-तीनदा, कारण पहिल्यांदा उलटं आलं आणि दुसऱ्यांदा अंगठा आला. एकाच थाळीचे ढीगभर फोटो, त्यांतल्या एकातही भाजी कोणती ते कळत नाही. गुलाबाच्या फुलांवर लिहिलेले सुविचार, हे सुविचार पाठवणाऱ्या माणसांना मी ओळखते. आणि दादाच्या लग्नाचं ड्रोननं काढलेलं चित्रण, म्हणजे तासभर मांडवाचं छप्पर. दादाला फोन केला, "तुझं लग्न काढून टाकू का?" तो म्हणाला, "अगं ए, बाहेरची हार्ड डिस्क घे की एखादी! लग्न काय काढतेस?" मी विचारलं, "कधी पाहिलंयस का?" तर म्हणाला, "पाहायचं कशाला? मी होतो ना तिथे." अशा दोन डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये भरून पडल्या आहेत. जागा वाढवली की ही माणसं आणखी आणून टाकतात. फेकायची वेळ आली की सगळे हळवे होतात, आणि पाहायची वेळ आली की सगळ्यांना कामं असतात.

माझी अडचण अशी की पाहिल्याशिवाय मला काही काढून टाकता येत नाही. हे तुझं देणं. तू मुख्याध्यापिकेशी भांडून मुदतीआधी निवृत्ती घेतलीस आणि खडकीच्या क्वार्टरमध्ये आमच्याकडे राहायला आलीस. मला शाळेत घालायची वेळ झाली तेव्हा पहिलीच्या बाईंना एकदाच भेटलीस आणि घरी येऊन म्हणालीस, "मुलं सांभाळतात त्या. शिकवायचं मी बघते." मग थेट चौथीत जाईपर्यंत माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं ते सनमायका उडालेलं टेबल. कुकरची वाफ, आमटीचा वास आणि पाढे. त्या घरात खोडरबर नव्हता. चुकलेलं गणित तसंच ठेवायचं, त्यावर पट्टीनं एक रेघ, आणि खाली बरोबर गणित. "चूक कुठे झाली ते उद्या बघायला नको?" एकदा मी शेजारच्या मुलीचा रबर आणून साताचा आठ केला. तू कागद खिडकीच्या उजेडात धरलास, सावकाश पाहिलास आणि म्हणालीस, "सात अजून दिसतोय. आणि आता तूही दिसायला लागलीस." मारलं असतंस तर विसरले असते. आजही ईमेलमध्ये एखादं चुकीचं पान गेलं, तर नुसतं बरोबर पान पाठवून मला भागत नाही. काय चुकलं होतं तेही मी कळवते. लोक वैतागतात.

बेरजेच्याही आधी तू मला तुच्छता शिकवलीस. मंडईत भाव करणाऱ्या बायका, हार घालून घेणारे नगरसेवक, गोष्टीचं तात्पर्य विचारणारे शिक्षक, सगळे तुझ्या एका वाक्यात आटपत. सत्कारांवर तर विशेष लोभ. "नारळाची निदान चटणी होते," तू म्हणायचीस, "शालीचं पुढे काहीच होत नाही." मी हे सगळं पाठ केलं. मला वाटायचं जगात दोनच माणसं शहाणी आहेत, एक तू, आणि दुसरी मी मोठी झाल्यावर होणार.

तर त्या अडगळीतच होतं तुझ्या सत्काराचं न कापलेलं चित्रण, तीन तासांचं, चाळीस जीबीचं. दादानं कधीतरी कॅसेटवरून उतरवून माझ्याकडे टाकलेलं. मी ते पूर्ण पाहिलं. तू व्यासपीठावर आहेस. शाल घालतात, टाळ्या होतात. आणि तू हात वर करून म्हणतेस, "थांबा, फोटोग्राफर वाकलेला होता. परत घाला. या बाजूनं, तिकडून चष्मा चमकतो." अध्यक्ष बिचारे शाल काढतात, परत घालतात. पुष्पगुच्छ साडीच्या काठावर येतो म्हणून तू तो सरकवतेस. बोलायला उठताना शाल चित्रकलेच्या बाईंच्या मांडीवर ठेवतेस. त्या तिच्यावरून हात फिरवत बसतात. तू भाषण संपवून जागेवर येऊन बसतेस आणि त्यांच्याकडे न बघता हात पुढे करतेस, "आणा." शेवटी कॅमेऱ्याजवळ येऊन विचारतेस, "भाषण सगळं आलं ना? कॅसेट नाही ना मधे संपली?" त्या रात्री आईनं विचारलं होतं, "ताई, शाल कुठाय?" तू चहा ओतत म्हणालीस, "शालीची हौस त्या चित्रकलेच्या बाईंना. हात फिरवत होत्या बिचाऱ्या." एकही शब्द खोटा नाही. उरलेलं आम्ही जोडलं, आणि तू जोडू दिलंस. खोडरबर न ठेवणाऱ्या बाईला हे छान जमलं.

तुझं तुझ्यापाशी राहिलं असतं तर मी गप्प बसले असते. पण येत्या रविवारी मंडळाचा तुझ्या स्मृतीचा कार्यक्रम आहे, आणि लेख वाचून कार्यवाह बाईंना कल्पना सुचली की चित्रकलेच्या बाईंनाच ती शाल घेऊन स्टेजवर बोलवावं. कार्यवाह बाईंचा मला फोन आला होता. "अगं, त्या म्हणतात, मला कुठे दिली? धरायला दिली होती! आता काय बोलायचं? ऐंशी उलटून गेली. मी त्यांच्या सुनेला सांगितलंय, एकदा दाखवून घ्या डॉक्टरांना. शनिवारची वेळ मिळालीये." मीही तेव्हा चुकचुकले होते. चित्रण पाहिल्यावर मी होऊन त्यांना फोन केला. म्हटलं, "अहो, बाईंचं बरोबर आहे. माझ्याकडे चित्रण आहे. लॅपटॉपमध्ये जागा करताना सापडलं." त्या म्हणाल्या, "हे बघ, स्मरणिका छापून झालीये. बायका रडल्यात गं वाचून. आणि तुला जागा हवी आहे म्हणालीस ना? मग टाक की काढून. दोन्ही कामं होतील." तू असतीस तर या बाईचं काय केलं असतंस ते मी मनात बोलून पाहिलं. मग आठवलं, ही तुझीच लाडकी विद्यार्थिनी.

म्हणजे मी एक बटण दाबलं की भूगोल सेव्ह होईल, तुझी शाल कायमची दान होईल, आणि येरवड्यातल्या एका फ्लॅटमध्ये एक शाबूत डोक्याची बाई विसरभोळी ठरेल. चार दिवस मी त्या फाइलवर बोट ठेवून उचलते आहे. मधल्या मधे दादाचं लग्न पूर्ण पाहिलं आणि काढून टाकलं, भूगोल त्यात मावला. चित्रकलेच्या बाईंच्या सुनेला फोन केला, लॅपटॉप घेऊन येते म्हटलं. ती म्हणाली, "या की. आई रोज त्या शालीवरच बोलतात, आता तर रडतात." कार्यवाह बाईंना कार्यक्रमात लेख वाचू नका असं लिहून पाठवलं आहे. अजून उत्तर नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. मला तुझा राग आला तो ढोंगाचा, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते. पण मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला आहे, शाल दुसऱ्यांदा घालतात तो. तू हसतेस. अगदी लहान मुलीसारखी, दात दाखवून. मी चौथीत गेले आणि पहिली आले तेव्हा तू "बरं" म्हणाली होतीस. आत्या, मला त्या शालीचा हेवा वाटला, आणि ती फाइल असेपर्यंत मी ते हसू बघतच राहीन. शुक्रवारी दुपारी मी येरवड्याला जाऊन ते चित्रण त्या दोघींना दाखवणार आहे, आणि सुनेनं डॉक्टरांची वेळ रद्द केली की तिथेच, त्यांच्यासमोर, शुक्रवारीच, ते काढून टाकणार आहे.