माती, लाकूड, पत्रा, सिमेंट

४ मार्च १९७३, आकुर्डी
आजपासून मी शिल्पकार. कंपनीतली नोकरी तूर्त चालू. दोन वर्षांत राजीनामा. पहिलं काम : आईचा अर्धपुतळा, मातीत. मोशीहून नदीकाठच्या मातीची दोन पोती सायकलवर आणली. किती दिवस बसायचं, आईने विचारलं. महिनाभर, म्हणालो.

२९ एप्रिल
पुतळा तडकला. नाकापासून हनुवटीपर्यंत. चूक उन्हाची. सगुणा म्हणते ओलं फडकं गुंडाळायला हवं होतं. तिच्या माहेरी शेजारी कुंभार आहे, तेवढ्यावर बायकोचे सल्ले.

११ ऑगस्ट १९७४
माती कच्चं माध्यम. लाकूडच खरं. चाकणच्या बाळाजी सुतारांकडून सागाचा ओंडका. आई म्हणते पाय आखडतात. कलेसाठी सोसावं लागतं, असं समजावलं.

३ नोव्हेंबर
नाक जरा जास्त तासलं गेलं. ते सावरायला गाल तासले, गाल सावरायला कपाळ. उरलेल्या लाकडाचं बाळाजींनी लाटणं करून दिलं. सगुणा खूश. राजीनामा पुढच्या दिवाळीला.

२ मे १९७७
भंगार पत्रा, वेल्डिंग. पुन्हा आईच, पण आधुनिक काम. सुपरवायझर यशवंतरावांच्या परवानगीने कँटीनबाहेर ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत आईच्या दोन्ही कानांना डबे अडकवलेले. आकुर्डीला हे समजायला दहा वर्षं लागतील.

१८ जानेवारी १९८०
आता सिमेंट. तडकत नाही, तासावं लागत नाही. आईला मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. पण डोळ्यांवर पट्टी आली की चेहरा दिसायचा कसा? पुतळा झाला की लगेच नेतो. आई म्हणाली, तुझं होऊ दे आधी.

६ जुलै
हनुवटी तिसऱ्यांदा केली. सगुणा रोज विचारते, दवाखान्यात कधी नेणार.

२१ डिसेंबर
आईला दिसेनासं झालं, म्हणून नेलं. नव्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, इतके दिवस कुठे होता. आतून दाब वाढून डोळे गेलेत, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. पूर्वीच्या डॉक्टरांनी नीट बजावायला हवं होतं.

१ फेब्रुवारी १९८१
पुतळा पूर्ण. आठ वर्षं लागली. आईला अंगणात आणून तिचा हात त्यावर ठेवला. तिने कपाळ चाचपलं, नाक, ओठ. सावकाश.
"कोन हाय ह्यो, साहेबराव?"
तूच, म्हणालो.
तिने आपल्या तोंडावरून हात फिरवला, मग पुन्हा सिमेंटवरून.
"आसंल. मला कुठं दिसतंय."
सगुणा तिला धरून आत घेऊन गेली. काम वाईट झालेलं नाही. फक्त ते कोणाचं आहे, मलाही सांगता येत नाही.