हॉल्ट नावाची सवत

प्रिय मंदाच्या बाबांना,

हे ‘प्रिय’ मंदाने घालायला लावलं. मी नुसतं ‘अहो’ लिहिणार होते.

काल शाळेच्या बाई आल्या होत्या. मुलांच्या हस्तलिखितात आपल्या बंद पडलेल्या रेल्वे हॉल्टचा इतिहास घालायचाय म्हणे. “तुमच्या मिस्टरांनी तिथं जन्मभर तिकिटं विकली, तुम्हीच सांगा.” म्हणजे माझ्या सवतीचं चरित्र आता मीच सांगायचं! रागारागात मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. बाई गेल्यावर वाटलं, हे भांडण तुमच्याशीच केलेलं बरं.

काय सांगू त्यांना? गाडी थांबावी म्हणून गावाने अर्ज केले, फलाटाचा भरावही गावानेच घातला. त्या मातीची घमेली मीही वाहिली, मंदा पोटात असताना. स्वतःच्या हाताने सवत आणणारी माझ्यासारखी मीच!

मग तिकिटाची खिडकी तुम्हाला मिळाली आणि तुमच्या जिभेवर साखर आली, पण ती खिडकीपुरतीच. कामतघरच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या परप्रांतीय पोरांना “बेटा, संभलके उतरना.” पाड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या बायांना “ताई, पाटी पैली चढवा, मंग तुमी.” आणि घरी? “भाजी कशी झालीय?” विचारलं तर “हूं.” डबा द्यायला यायचे तेव्हा मी मुद्दाम कडेला उभी राहून ऐकायचे. इतकं मऊ बोलता येतं या माणसाला! जळायचे हो मी, अगदी आतून.

पुढे मानकोली, दापोड्याकडे शेतांची गोदामं झाली, शेअर रिक्षा दारात येऊ लागल्या. खिडकीपुढची माणसं कमी होत गेली आणि एक दिवस गाडी न थांबताच पुढे गेली. गाव हळहळलं. मी मात्र त्या दिवशी खीर केली. चुकलंच माझं. वाटलं, आता तरी माणूस माझा झाला! तुम्ही तर रोज जेवून उठलात की त्या बंद खिडकीशी जाऊन बसायचात. एकदा तरी मला “चल” म्हणालात?

आणि ते शेवटचं आजारपण. ताप डोक्यात गेला होता, तुम्ही कोणालाच ओळखत नव्हतात. मी पेज भरवायला वाकले, तर केवढ्या मायेने विचारलंत, “कुठं जायाचं, ताई?”

ताई! ज्या आवाजासाठी चाळीस वर्षं झुरले, तो मिळाला तोही असा. मी चिडून म्हणाले, “कुठं न्हाय. हितंच ऱ्हायाचं हाय मला, तुमच्यापाशी.”

तुम्ही हसलात. “मंग जरा बाजूला व्हा. मागं लाईन हाय.”

आणि मी झाले हो बाजूला! पेजेची वाटी घेऊन स्वयंपाकघरात रडत बसले. परत आले तेव्हा तुम्ही गेला होतात.

बाईंना मी सगळं सांगेन, तुमच्या हॉल्टचं एक अक्षर गाळणार नाही. पण तुम्हालाही एक वचन देते. तिकडेही तुम्ही एखादी खिडकी उघडून बसलाच असाल. मी येईन. मागे कितीही लाईन असू दे, या वेळी बाजूला होणार नाही.

तुमची बायको,
हिरा