आबांनी उतरवलेला ऑर्गन

जामनेर,
१२ नोव्हेंबर

प्रिय प्रेमराज,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? पस्तीस वर्षं झाली, नसेल ओळखलंस तर राग नाही. मी नूतन. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या सुपडू मिस्त्रींची मुलगी, तुझ्या ऑर्गनचा भाता मारणारी. तुझा पत्ता धुळ्याच्या तुमच्या चर्चमधून मिळवला. फोनवरच्या बाईंनी कोण बोलतंय म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "ऑर्गनवाली." त्या म्हणाल्या, "सरांकडे आता कीबोर्ड आहे हो, दुरुस्तीचं काही काम निघत नाही." मी इतकी हसले की पत्ता दोनदा विचारून घ्यावा लागला.

एक आनंदाची बातमी आहे. पण तिच्याआधी मला एक कबुली द्यायची आहे, आणि कबुलीच्या आधी थोडं जुनं बोलू दे, म्हणजे धीर येईल.

तुला आठवतं, ऑर्गनची हकिगत पहिल्यांदा तूच मला सांगितली होतीस. साहेबांच्या काळात तो जहाजाने मुंबईला आला, तिथून मालगाडीने भुसावळला, आणि इंजिन ड्रायव्हरांनी आपल्या हातांनी त्याची खोकी उघडली. मग साहेब गेले आणि भाता फाटला. तुझ्या बाबांनी रेल्वेतल्या एका सुताराला गाठून विचारलं, "चामड्याचं काम जमेल का?" ते माझे आबा. भडगावच्या शेतातून आलेले, चर्चची पायरी त्यांनी तोवर चढलेली नव्हती. चप्पल बाहेर काढून ते आत गेले, भात्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "हाई ते लोहारना भाताना मोठा भाऊ शे." त्या दिवसापासून बावीस वर्षं ऑर्गन आबांचा आणि आबा ऑर्गनचे. आईची तक्रार असायची की घरातल्या खाटेचा पाय तीन महिने मोडका आहे आणि मिस्त्री देवाच्या पेटीला ठोकत बसलेत.

आणि ते गार्डसाहेबांच्या मुलीचं लग्न! जुलै महिना, हवा ओली, एक पट्टी अडकली ती अडकलीच. तू हात उचललास तरी एक सूर भोंऽऽ करत राहिला. पाद्री बोलायला तोंड उघडायचे आणि थांबायचे. मी भाता सोडला असता तर सूर थांबला असता, पण मला हसू आवरेना आणि हात आपसूक चालत राहिले. शेवटी आबा मागच्या फळीतून आत रांगले आणि तो सूर काढणारी नळीच उपसून बाहेर आले, डोक्यावर कोळ्याची जाळी, हातात उसासारखी उंच नळी. नवरदेवाला वाटलं आहेर आलाय. तो उठून घ्यायला गेला! तुझे खांदे हलताना मला दिसत होते.

खांदेच का, तर तोंड दिसायची सोय नव्हती. मी मागे, तू पुढे. तुझ्या डोक्यावर एक छोटा आरसा होता, पाद्रींची खूण दिसावी म्हणून लावलेला. सूर लावायच्या दिवशी आबा आत नळ्यांमध्ये बसायचे आणि ओरडायचे, "पुढली!" तू पुढची पट्टी दाबायचास. पाद्री तेव्हा चर्चमध्ये नसायचेच. तरी तू तो आरसा सारखा नीट करायचास आणि दरवेळी तो भात्याच्या दांड्याकडेच वळायचा. मला कळत नव्हतं असं समजू नकोस. मे महिन्यात शेहेचाळीस डिग्रीमध्ये भाता मारायला कोणी हौसेने येत नाही, प्रेमराज.

आता अवघड भाग.

तू धुळ्याला दवाखान्यात नोकरीला लागलास त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात चर्चच्या छताचं पन्हाळं फुटलं. पाणी ऑर्गनच्या मागच्या भिंतीतून उतरलं, मागोमाग वाळवी आली. आबांनी फळी काढून बोट लावलं, तर नळ्यांखालच्या हवेच्या पेटीत बोट आरपार गेलं. ते तिथेच खाली बसले. पेटी बनवणारं माणूस आपल्याकडे कोणी नाही हे त्यांना माहीत होतं. नळ्या मात्र धडधाकट होत्या, तीनशे बारा. भंगारवाला दारात तराजू घेऊन आला होता. आबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. पाद्रींनी चार ठिकाणी पत्रं लिहिली. निलगिरीतल्या एका छोट्या चर्चचं उत्तर आलं की आमच्या ऑर्गनची पेटी शाबूत आहे, नळ्या गेल्यात, द्याल का?

आबांनी एकेक नळी स्वतः उतरवली. भडगावहून काकांनी कापूस पाठवला, यावलच्या मळ्यातून केळीची वाळकी पानं आणली, आणि बाळंतिणीचं बाळ गुंडाळावं तशा त्या गुंडाळल्या. त्याआधी ते मला म्हणाले, "प्रेमराजले पत्र टाक. वाळवीनी सगळं खाई टाकं नही. अजून दहा-बारा सूर निंघतस. त्याले एकदाव वाजाडू दे."

मी पत्र लिहिलं. ऑर्गनबद्दल दोन ओळी, आणि मग चार पानं दुसरंच. जे आरशातून सांगता येत नव्हतं ते. लिहून झाल्यावर वाचलं आणि पाकिटात न घालता घडी करून ठेवून दिलं. तुझं घर, माझं घर, लोक काय म्हणतील, आणि तू काय म्हणशील याची सगळ्यात जास्त भीती. नुसत्या दोन ओळींचं दुसरं पत्र लिहायला काय हरकत होती? पण तेही माझ्याच्याने झालं नाही. आज टाकू, उद्या टाकू करत तीन आठवडे गेले. खोकी पार्सलने रवाना झाली. आबांना मी सांगितलं की पत्र टाकलंय.

दसऱ्याला तू आलास, चर्चमध्ये गेलास आणि तसाच आमच्या दारात आलास. "आबा, तुमच्याच हातांनी उतरवलात? आणि मला एक शब्द कळवावासा वाटला नाही?" मी चहाचा कप घेऊन उभी होते. आबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यांना सगळं कळलं. दोष स्वतःवर घेत ते तुला म्हणाले, "चुकनं मनं." तू चहा न घेता गेलास. मी रडत त्यांना विचारलं, तुम्ही का सांगितलं नाहीत? तर म्हणाले, "ते तुनं सांगानं काम शे, मनं नही."

आणि मी सांगितलं नाही. तुझ्या लग्नाची बातमी आली, मग सांगण्यात अर्थ उरला नाही. माझं लग्न जमलं नाही, म्हणजे मी जमू दिलं नाही. जामनेरच्या शाळेत तीस वर्षं मुलींना चित्रकला शिकवली आणि मजेत शिकवली, त्यात खोटं काही नाही. आबा बारा वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत तुझ्या मनात ते दोषी राहिले, आणि तो दोष माझा होता. प्रेमराज, मला माफ कर. आबांना तर माफ करण्यासारखं काही नव्हतंच.

हं. लिहिलं एकदाचं. आता बातमी.

माझा भाचा हितेंद्र गेल्या महिन्यात कामानिमित्त निलगिरीत गेला होता. मी त्याच्या लहानपणी सांगितलेल्या गोष्टी लक्षात ठेवून तो चर्च शोधत गेला. प्रेमराज, ऑर्गन वाजतोय! आपल्या नळ्या वाजताहेत, दर रविवारी! तिथले म्हातारे वाजवणारे त्याला आत घेऊन गेले. म्हणाले, लाकडी नळ्यांवर काहीतरी लिहिलंय, पस्तीस वर्षं आम्हाला वाचता येत नाही, आम्ही समजतो प्रार्थना असेल. हितेंद्रने टॉर्च मारला. आबांची सुतारी पेन्सिल! एकीवर, "हाई हळू फुका, रुसस." दुसरीवर, "पावसाळामा फुगस, घाबरू नका." आणि सगळ्यात मोठ्या नळीवर, "हाई बोलनी नही ते प्रेमराजले इचारा."

हितेंद्रने तिथून फोन लावला आणि अर्थ सांगितल्यावर तिथली माणसं पोट धरून कशी हसली ते ऐकवलं. मग त्या बाबांनी ती मोठी नळी माझ्यासाठी वाजवली. मी इथे ओट्यावर, कणकेचे हात, आणि कानात तो सूर. आई आतून धावत आली, "काब रडी ऱ्हायनी वं?" मी तिला सगळं सांगितलं, पत्राचंसुद्धा. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, दात नाहीत, पण जीभ तशीच आहे. म्हणाली, "पस्तीस वरीस मूग गिळीसन बठनी? आते तरी लिख त्याले!"

त्या लोकांनी तुला बोलावलंय, नाताळात वाजवायला. हे पत्र त्याचं आमंत्रण आहे असं वाटत असेल, तर तेवढ्यासाठी हितेंद्रचा एक फोन पुरला असता. तुझी बायको गेल्याचं मला सहा वर्षांपूर्वी कळलं होतं, तेव्हाही मी गप्प राहिले. आता राहणार नाही. मी सत्तावन्न वर्षांची आहे, उजवा गुडघा कुरकुरतो, भाकरी चांगली होते, वांग्याचं भरीत त्याहून चांगलं. मला तुझ्याशी लग्न करायचं आहे. या वयात लोक काय म्हणतील हे मी जामनेरमध्ये शेजारणींना विचारून पाहिलं. दोघींनी साडी कोणत्या रंगाची घेणार एवढंच विचारलं. पुढच्या रविवारी दुपारच्या बसने मी धुळ्याला येतेय. आईसुद्धा येणार म्हणून हटून बसली आहे, तेव्हा नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हणावं लागेल, आणि ते आजवर कुणाला जमलेलं नाही.

तुझीच,
नूतन