मॅटवरच्या चौदा खाटा

१२ एप्रिल
आलो एकदाचा! हिंजवडीचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हापासून आण्णा बोलत नव्हते. आता उरवड्याच्या कबड्डी हॉलमध्ये वॉर्डबॉय झालो, तर डबा घेऊन स्वतः सोडायला आले. तालुक्याची स्पर्धा उपांत्य फेरीत बंद पडली, निम्मे खेळाडू तापानं फणफणले. दवाखाने भरले म्हणून खाटा इथंच टाकल्या. मॅट काढायला कुणाला वेळ होता? मधल्या रेषेच्या डावीकडे सात खाटा, उजवीकडे सात. खरं कारण लिहून टाकतो: वृषाली इथं नर्स आहे. उजवीकडे पाच नंबरला गेणबा, जुने पंच. म्हणाले, "विक्या, शिस्टरकडंच बघत ऱ्हा, अन् माजं सलाईन भिताडाला लाव." ती हसली. दिवस वसूल.

१७ एप्रिल
पाय सुजलेत. पीपीई किटमध्ये घामाची आंघोळ. डावीकडे सहा नंबरला रोहित आलाय, चढाईपटू. वृषाली त्याच्याच उशाशी. त्याचं ताट मी आदळलंच. गेणबा म्हणाले, लई तापट हायस, पयला तूच बाद व्हशील.
आज डावीकडचा एक गेला. उजवीकडचा दोन नंबर चार दिवस बेशुद्ध होता, तो त्याच घटकेला उठून चहा मागू लागला.

२० एप्रिल
काल उजवीकडचा गेला, डावीकडचा उठला. आज पुन्हा उलट. गेणबांना सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, तिकडचा बाद झाला की इकडचा उठतो, नेमच हाय. म्याट काडाया पायजे व्हती.
झोपेत सगळ्यांचे ओठ हलतात. कबड्डी, कबड्डी. ज्याचा दम तुटतो, तो जातो.

२२ एप्रिल
वृषालीला ताप. डावीकडे तीन नंबर. ऑक्सिजन सत्तर. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलवा. आणि उजवीकडे गेणबा नाकात ऑक्सिजनची नळी तशीच ठेवून भाकरी मागतायत —

२३ एप्रिल, दुपार
दम धरून रेषा ओलांडली. गेणबांच्या खाटेचा पडदा ओढला. ऑक्सिजनची चावी फिरवून बंद केली. गेणबांनी डोळे उघडले. इतकंच म्हणाले, आता माघारी पोच, पोरा.
रेषेवर मला खोकला आला. दम तुटला.
वृषाली उठून बसली. नाव घेतलं — रोहितचं.

२५ एप्रिल
मला ताप. गेणबांचीच खाट दिली. चादरसुद्धा तीच, ऑक्सिजनची नळीसुद्धा.

२६ एप्रिल
तिकडे डावीकडे रोहितचं काही खरं नाही. वृषाली आली, हात धरला. पहिल्यांदा. विचारलं, मी कशी उठले? सांगून टाकलं सगळं. वाटलं, आता तरी —
हात सोडला तिनं.

२७
रेषेपाशी उभी आहे. ओठ हलतायत —
अलीकडे आली —
पडदा ओढतेय. वृषाली, मी तुझ्यासाठीच —
नळीतला आवाज थांबला. कबड्डी कबड्डी कब